सुरक्षा अधिकाऱ्याचं जुनं कार्ड

कार्यालयाचे वायफाय यापुढे फक्त नव्या एन्क्रिप्शनवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या कुलपावर चालेल, असे परिपत्रक सुरक्षा अधिकाऱ्याने काढले. सुरक्षा अधिकारी मीच. भाषा इतकी कडक होती की वाचून मलाच घाम फुटला. अर्थ मात्र दुपारी कळला.

माझा लॅपटॉप वीस वर्षांचा. त्यातल्या वायफाय कार्डाला फक्त जुने, कुणालाही फोडता येणारे कुलूप ठाऊक. नव्या नेटवर्कने त्याला दारातच अडवले. इकडे बढतीचा अर्ज पाचच्या आत, स्वतःच्याच लॅपटॉपवरून, सामाईक फोल्डरमध्ये टाकायचा होता. हा नियमही माझाच. अकरा वर्षे मी या बढतीकडे डोळे लावून बसलो होतो.

"नवं कार्ड मागवा की," भांडारातल्या बाई म्हणाल्या.

"मागवतो. फॉर्म द्या."

"फॉर्म नेटवर्कवर भरायचा असतो, साहेब. तुमच्याच सहीचा आदेश आहे."

मी तातडीने समिती बोलावली. समितीत मी आणि माझा सहायक.

"सर, माझ्या लॅपटॉपवरून टाकला तर?"

"नियम म्हणजे नियम!" मी त्याला झापले.

लॅपटॉप नेटवर्कच्या पातळीला येत नसल्यास नेटवर्क लॅपटॉपच्या पातळीला आणावे, असा ठराव एकमताने झाला. दोनशे जणांचे नेटवर्क जुन्या कुलपावर आले. इतिवृत्तात 'ज्येष्ठ उपकरणांना सामावून घेणारे सुरक्षा धोरण' अशी नोंद झाली. चार पन्नासला अर्ज गेला आणि माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी समोरच्या न्हाव्याकडे दाढीला बसलो.

"अर्ज झकास लिहिलाय, साहेब. फक्त ते 'नेटवर्क सुरक्षेत निष्णात' तेवढं काढा."

वस्तरा गळ्यावर होता. मी जागचा हललो नाही.

"तुम्ही कुठे वाचलात?"

"एका गिऱ्हाइकानं बसल्या बसल्या तुमचं नेटवर्क उघडून दिलं. दहा मिनिटंही नाही लागली. मग सगळ्यांनीच वाचला."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तोंड लपवायला टॉवेल होता, एवढेच.

"माझंच उघडलं का हो?" मी विचारले. दुसऱ्या कुणाचे नाव निघाले तर तेवढेच बरे वाटले असते.

त्याने मोबाइलवर आसपासच्या नेटवर्कांची यादी दाखवली. त्यात तुमच्या घरचेही होते. तुम्ही मघापासून मला हसताय, म्हणून सांगतो. तुमचे फोडायची त्याला गरजच पडली नाही. तुमचा पासवर्ड म्हणजे तुमचाच मोबाइल नंबर, आणि तो न्हाव्याच्या गिऱ्हाइकांच्या वहीत आधीपासूनच आहे.