कुपोषणाचे कारण : इतर

पंच्याऐंशी वर्षांपुढचा एकही माणूस कुपोषित राहता कामा नये, असे परिपत्रक आमच्या रुग्णालयात निघाले, तेव्हा त्याखाली सही माझी होती. मी येथला मुख्य आहारतज्ज्ञ. परिपत्रकासोबतचा चारपानी तपासणी-फॉर्मही माझाच. ‘मधुमेह, थायरॉइड यांसारखे विकार असलेल्या अतिवृद्धांचे कुपोषण सहसा लक्षात येत नाही, कारण सगळे रिपोर्टकडे बघतात, माणसाकडे कोणी बघत नाही,’ असे एक वाक्य त्याच्या प्रस्तावनेत आहे. तेही माझेच. मला ते फार आवडते.

माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि माझ्याकडेच राहते. अकरा वर्षांपूर्वी तिला मधुमेह असल्याचे कळले, त्या दिवशी मी तिची साखर बंद केली. कोलेस्टेरॉल निघाले, तेव्हा लोणी बंद केले. रक्तदाबापायी मीठ गेले, युरिक अॅसिडपायी डाळी गेल्या, थायरॉइडने कोबी नेला आणि मूत्रपिंडाच्या एका किरकोळ आकड्याने केळी आणि बटाटे नेले. प्रत्येक निर्णय शास्त्रशुद्ध होता. प्रत्येकाला आधार होता. सगळे आधार एकत्र आल्यावर ताटात उकडलेला भोपळा आणि सहा चमचे पातळ भात एवढेच उरले. शास्त्राची त्याला हरकत नव्हती, म्हणून मीही घेतली नाही.

आईची साखर मात्र दृष्ट लागण्यासारखी होती. व्याख्यानांत मी तिचा रिपोर्ट पडद्यावर दाखवत असे. लोक टाळ्या वाजवत. खुद्द माझी साखर तिच्यापेक्षा वाईट होती, पण तो विषय व्याख्यानाच्या कक्षेत येत नव्हता.

“आई फार बारीक झाल्यात हो,” बायको एकदा म्हणाली. “स्वेटर खुंटीला टांगल्यासारखा दिसतो त्यांच्या अंगावर.”

“बारीक नाही, नियंत्रणात आहे ती.”

“परवा उठताना तोल गेला त्यांचा.”

“चपला बदल.”

चपला बदलल्या.

फॉर्म कसा भरायचा याचे प्रशिक्षण ठरले. चाळीस परिचारिका येणार होत्या. विभागप्रमुख म्हणाले, “नुसतं बोलू नका, एखादं आदर्श उदाहरण दाखवा. विकार सगळे आहेत, पण पोषण उत्तम, असा कोणी आहे का?”

“घरचाच आहे,” मी म्हणालो.

आईला सांगितले, तर ती म्हणाली, “मी काय करायचं तिथं?”

“काही नाही. बसायचं आणि विचारतील त्याची उत्तरं द्यायची.”

“खायला देणार आहेत का?”

“तपासणी आहे आई, समारंभ नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि केस विंचरायला गेली.

सभागृहात मी आईला पुढच्या खुर्चीत बसवले आणि महिन्यापूर्वीच नोकरीला लागलेल्या एका परिचारिकेला फॉर्म भरायला बोलावले. नवख्या मुलीला जमले तर कोणालाही जमेल, असा माझा हिशेब होता. ती मुलगी आईसमोर सरळ जमिनीवर बसली. फॉर्मात असे बसण्याची सूचना नव्हती.

“आजी, गेल्या तीन महिन्यांत भूक कमी झाली का?”

“छे! भूक उत्तम आहे. सकाळी लागते, दुपारी लागते, संध्याकाळी लागते. जातच नाही.”

सभागृह हसले. मीही हसलो. “भूक उत्तम. दोन गुण,” मी जाहीर केले.

“दिवसातून किती वेळा जेवता?”

“पाच वेळा.”

“थोडं थोडं, वारंवार,” मी फळ्याकडे बोट केले. तिथे मी तेच लिहून ठेवले होते.

“एका वेळी किती?”

“सहा चमचे. हा मोजतो.”

“आणि घरचा आधार आहे ना, आजी?”

“हा काय, उभा आहे.”

आधाराचे दोन गुण. घरात आहारतज्ज्ञ असल्यास जादा एक गुण मीच ठेवला होता. आई आतापर्यंत वर्गात पहिली होती.

मग त्या मुलीने फाईल उघडली. “सर, आजींचं वजन बावन्न लिहिलंय. हे कधीचं?”

“मागच्या वर्षीचं.”

तिने पाने उलटली. “त्याच्या आधीच्या वर्षीही बावन्नच आहे. आणि त्याच्याही आधी.”

“त्यालाच स्थिर वजन म्हणतात,” मी चाळीस जणींकडे बघून म्हणालो.

“पण सर, वजन केलं कोणी?”

अतिवृद्धांना काट्यावर उभे करणे त्रासाचे असते आणि अनुभवी डोळ्याला अंदाज येतोच, असे मी तिला समजावले. डोळा माझाच होता. त्यावर ती कोपऱ्यात गेली आणि बसून वजन करायची खुर्ची ढकलत घेऊन आली. ही खुर्ची मीच तीन स्मरणपत्रे पाठवून मागवली होती. तिच्यावरचे प्लॅस्टिक अजून निघालेले नव्हते. ते काढले. आई खुर्चीत बसली.

साडेअडतीस.

“काटा बिघडलाय,” मी म्हणालो.

ती मुलगी स्वतः बसली. छप्पन्न. “माझं बरोबर दाखवतो, सर.” तरीही मी हटेना, म्हणून विभागप्रमुख बसले. सत्त्याण्णव आले. ते घाईघाईने उठले आणि काटा उत्तम असल्याचे त्यांनी सर्वांना सांगितले.

राहिली पोटरीची मापपट्टी. एकतीस सेंटिमीटरच्या खाली आली तर धोका, असे मी फॉर्मात ठळक अक्षरांत छापून घेतले होते. सव्वीस आले.

“पट्टी ओढू नका,” मी म्हणालो.

“ओढली नाही, सर. सैल पडतेय.”

सभागृहात कोणी हसले नाही. त्या मुलीने बेरीज केली, पुन्हा केली आणि हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या फॉर्मप्रमाणे तीव्र कुपोषण, सर.”

आईने माझी बाही ओढली. “पास झाले का रे?”

तीव्र कुपोषित रुग्णाला दुसऱ्या दिवशी मुख्य आहारतज्ज्ञाकडे पाठवावे, असा नियम आहे. तज्ज्ञाने पाहीपर्यंत चालू आहारात बदल करू नये, असाही आहे. दोन्ही मी केलेले. त्यामुळे त्या दिवशी घरी बायकोने “आज तरी जरा बरं काही देऊ का?” असे विचारले, तेव्हा मला नाही म्हणावे लागले. तज्ज्ञ घरातच जेवत होता, पण त्याने अजून रुग्णाला रीतसर पाहिले नव्हते. बायकोने माझे ताटही उचलून नेले आणि भोपळा आणून ठेवला. मी तिला नियम दाखवायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी आईला तेविसावा नंबर मिळाला. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना रांगेत सवलत नाही, हेही माझेच. बावीस जणांना मी काय काय बंद करायचे ते सांगितले. मग दार उघडले आणि ती नवी परिचारिका आईला हाताला धरून आत घेऊन आली.

“काय त्रास होतो?” मी सवयीने विचारले.

“तुला ठाऊक असेल,” आई म्हणाली.

मी फॉर्मचे चौथे पान काढले. शेवटी अर्धी ओळ रिकामी राहत होती, म्हणून मी तिथे एक प्रश्न घातला होता : रुग्णाला काय खावेसे वाटते? तो मोठ्याने वाचला. अकरा वर्षांत मी हे तिला पहिल्यांदाच विचारत होतो.

आईने खिडकीकडे पाहिले. “पटकन आठवत नाही रे,” ती म्हणाली. माझे पेन तसेच उघडे राहिले. तोंडपाठ असलेल्या तिच्या सगळ्या आकड्यांत या प्रश्नाचे उत्तर मला सापडेना.

“बटाटा,” ती अखेर म्हणाली. “उकडलेला. मीठ आणि लोणी घालून. तुला चालेल का?”

मला चालेल का, असे रुग्ण नेहमी स्वतःबद्दल विचारतात. हिने माझ्याबद्दल विचारले होते.

मी मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन लावला. मूत्रपिंडाचा आकडा सांगितला, साखरेचा सांगितला, वजन शेवटी सांगितले. “अहो, या वयात एवढी कमी साखर? तोल जात नाही का त्यांचा?”

“चपला बदलल्या,” मी म्हणालो.

“गोळ्या निम्म्या करा आणि त्यांना पोटभर खाऊ द्या. रक्त मी पुढच्या आठवड्यात बघतो. माणसाकडे बघा, असं तुम्हीच लिहिलंय ना त्या फॉर्मात?”

परिचारिका कँटीनमधून दोन बटाटे घेऊन आली. आई माझ्या टेबलाशी बसून सावकाश खाऊ लागली. बाहेर चोविसावा नंबर दार वाजवत होता. मी उठलो नाही. एक बटाटा संपला. दुसऱ्याचे तिने दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे सरकवला.

“नको, माझी साखर वाढलीय,” मी म्हणालो.

“मग मोजून देते,” ती म्हणाली.

फॉर्मवर सही करण्यापूर्वी एक रकाना उरला होता : कुपोषणाचे कारण. पुढे पर्याय होते – गरिबी, एकटेपणा, दात नसणे, नैराश्य, इतर (स्पष्ट करा). मी ‘इतर’वर खूण केली आणि स्पष्ट केले : मुलगा.

तीन महिन्यांत आईचे वजन चार किलो वाढले. साखर थोडी वर गेली आहे. व्याख्यानात दाखवण्याजोगी ती आता राहिलेली नाही. तोल मात्र जात नाही.

फॉर्म तेवढा परत आला. नोंदणी विभागातल्या बाई स्वतः तो घेऊन आल्या. “सर, कारणातही मुलगा आणि आधारातही मुलगा? कंप्युटर घेत नाही. काहीतरी एकच ठेवा.”

“दोन्ही खरं आहे, बाई.”

बाई फॉर्म घेऊन गेल्या. महिनाभराने त्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आल्या. मी भरलेला आईचा फॉर्म त्यांनी नमुना म्हणून सगळ्या वॉर्डांत लावला होता, आणि लोकांनी तो मनावर घेतला होता. ‘इतर’पुढे कोणी ‘मुलगी, स्वतः डॉक्टर’ असे लिहिले होते, कोणी ‘सून, मोबाइलवर वाचते’, कोणी ‘जावई’, तर एका जागी ‘नातू, व्यायामशाळा’. बाईंचे म्हणणे, एवढी मंडळी ‘इतर’मध्ये मावत नाहीत, स्वतंत्र रकाना हवा.

मला ते पटले. नवा फॉर्म छपाईला गेला आहे. त्यात ‘काळजी घेणारी व्यक्ती’ हे कारण आता पहिल्या क्रमांकावर असून, पुढे नावासाठी टिंबांची ओळ सोडली आहे. ती ओळ किती लांब ठेवायची, असे छापखानेवाले विचारत आहेत. माझे नाव बसते, ते मी बघून घेतले. आपले नाव किती अक्षरी आहे, तेवढे कळवावे.