उकंडरावजींचा पाहुणा

आमचे घरमालक उकंडरावजी रोज संध्याकाळी एका कुत्र्याला निरोप द्यायला नदीवर जायचे. डोक्यावर टोपी, अंगात धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा, सगळं रीतसर. आणि निरोप देऊन झाला की तासाभरानं त्याच कुत्र्याला घेऊन परत घरी यायचे.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, दिवाळीनंतर, मी आर्णीला मुलींच्या शाळेत शिकवायला गेले. उकंडरावजींच्या घराची पुढची खोली मला मिळाली. पहिल्याच संध्याकाळी बघते तर म्हातारबुवा छपरीत उकिडवे बसून गडव्यानं कुणाच्या तरी पायावर पाणी घालताहेत. "बसा जी. भाकर होऊनच राह्यली," असंही म्हणाले. कोण मोठा माणूस आलाय म्हणून मी डोकावले. चार पाय ओले करून, अंग झटकून एक उंच, लांब केसांचा भुरकट कुत्रा सतरंजीवर बसला. सकाळी मला मात्र म्हणाले होते, "पोरी, कडी उचलून लाव, नाई तं दार उघडं राह्यते." माणसाला अगंतुगं आणि कुत्र्याला अहोजाहो. मला रागच आला, खोटं कशाला सांगू?

"काकाजी, कुत्रं कुठून आणलं हे?" मी विचारलं.

"कुत्रं म्हनू नको. पाहुना हाये."

हकिगत अशी होती. भादव्यात अरुणावतीला पूर आला. गावाच्या वरच्या अंगाला नदी दोन फाटे घेते आणि मधे एक उंचवटा राहतो, त्याला सगळे बेट म्हणतात. पूर ओसरायला लागला तेव्हा त्या बेटावर एक कुत्रा रात्रंदिवस रडताना लोकांनी ऐकला. ऐकला सगळ्यांनी, गेले एकटे उकंडरावजी. भोयाचा डोंगा मागून आणला, स्वतःला पोहता येत नसताना त्यात बसले आणि त्याला घेऊन आले. कुत्र्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेल्या कवड्या होत्या. म्हणजे कुणाचा तरी होता.

"कोनाच्या तरी घरचं लेकरू हाये," उकंडरावजी म्हणायचे. "आपल्याकडं चार दिवस आलं. मंग पाहुनाच झाला ना."

एकदा पाहुणा म्हटल्यावर माणूस थांबेना. जन्मभर त्यांनी कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर चौकीदारी केलेली. आल्यागेल्याला रामराम करण्यात हयात गेली, पण घरी म्हणून कुणी येणारं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यामुळे साऱ्या आयुष्याचा पाहुणचार त्या एका कुत्र्याच्या वाट्याला आला. आधी पाहुणा जेवणार, मग उकंडरावजी. वाढताना आग्रह. "घ्या जी, अर्धी तं घ्या." पाहुणा अर्धी घ्यायचा, मग उरलेली अर्धीही घ्यायचा, आणि यजमान धन्य व्हायचे. होळीला पहिली पुरणपोळी त्यालाच मिळाली. दुसरी मला. मी गुमान खाल्ली.

समोरचा शिंपी मोठा टवाळ. "उकंडरावजी, पाहुना जानार कवा?" तो मशीनवरून ओरडायचा.

"पाहुन्याले असं इचारत नसतात."

"अन् पोळ्यापावतर राह्यला तं?"

"तं कपड्याचं माप घ्याले तुह्याकडं आनीन."

एकदा पाहुण्यानं माझं गंगावन उंदीर समजून ओसरीभर ओढलं आणि त्याच्या चिंध्या केल्या. मी चिडून बाहेर आले तर उकंडरावजी हात जोडून उभे. "पाहुन्याच्या हातून होते कवा कवा. मनावर घेऊ नको." आणि बाजारात जाऊन नवं गंगावन घेऊन आले. कागदात गुंडाळायची अक्कल नाही. भर रस्त्यातून, शाळा सुटायच्या वेळेला, हातात लोंबकळत. माझ्या पाचवीच्या मुली आठवडाभर माझ्या डोक्याकडेच बघत होत्या.

"इतका लळा आहे तर बांधून ठेवा ना त्याला," मी एकदा म्हणाले.

"पाहुन्याले बांधून ठेवतात काय, बाप्पा? त्याले गाव दाखवा लागते. अन् जाऊ म्हनला तं पोचवून द्या लागते."

हे पोचवणं काय असतं ते बघायला मी एका रविवारी त्यांच्याबरोबर गेले. घोट्याइतक्या पाण्यातून आम्ही बेटावर आलो. तोवर मी बेट पाहिलं होतं ते भूगोलाच्या पुस्तकात. चोहोकडून पाणी पाहिजे, आणि इथे एका अंगाला तर नुसती वाळू. तसं म्हणताच त्यांनी मला हातानं गप्प केलं. पाहुण्यासमोर गावाची उणीदुणी काढायची नसतात.

मग सुरू झालं गावदर्शन. आधी सिंदीचं बन. "हे आमचं सिंदीबन. पाखरं पाहा लागते सकायी." पाहुण्यानं चार खोडं हुंगली, एकावर पाय वर केला. उकंडरावजी अदबीनं दुसरीकडे बघत राहिले. पुढे काळा खडक, दिवसभर तापून संध्याकाळी कोमट झालेला. तिथे पाहुणा पोट टेकून पडायचा, आणि तो उठेपर्यंत यजमान उभे. मग भोयांची डांगरवाडी, म्हणजे वाळूतली खरबुजं. तिथून एखादं फुटलं डांगर मिळायचं, त्याचा गर पाहुण्याला, साल भोयांच्या बकरीला. सगळ्यात आवडती जागा बेटाचं टोक. दोन्ही फाटे तिथे पुन्हा एक होतात, पाणी गुडघ्याला लागतं, पलीकडच्या काठाला पळसाची झाडं आणि त्यांच्यामागे लांबवर तांड्यांचा धूर. खरंच सांगते, तिथे उभं राहिलं की घरी परत जाऊ नये असं वाटायचं.

त्या टोकावर उकंडरावजींनी टोपी सारखी केली. "हा रस्ता तुमच्या गावाकडचा. येता मंग?" म्हणाले, आणि पाठ फिरवून चालायला लागले. येताना पोरासारखे भराभर चालणारे उकंडरावजी आता पाऊल मोजून टाकत होते. मागे बघत नव्हते. मान जराशी कलती, कान मागे. मी काही बोलायला गेले तर ओठावर बोट ठेवलं.

मग मागून वाळूत पावलं वाजली. धापा ऐकू आल्या. उकंडरावजींचा चेहरा असा फुलला की मीच नजर वळवली.

"राह्यले काय?" ते न बघताच म्हणाले. "बरं बरं. राहा आजच्या दिवस."

ही रोजची गंमत. अख्ख्या गावाला माहीत झाली होती, गावातून बाजाराला, बाजारातून आसपासच्या खेड्यांना. आणि त्यातूनच जे व्हायचं ते झालं.

चैत्रात एका बाजाराच्या दिवशी आमच्या गल्लीत एक बंजारा बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, हातात कोपरापर्यंत बलोया, चोळीवर आरसे. शिंप्याला हसत विचारत होती, "कुत्र्याले जी जी करते तो बुढा इथंच रायते काय? पाहाले आली मी." तमाशा बघायलाच आली होती बिचारी.

तिचा आवाज ऐकला आणि पाहुण्यानं छपरीतून झेप घेतली. दोन पाय तिच्या खांद्यावर, शेपटी कुठे ठेवू असं झालेलं. "भुरिया," ती म्हणाली, आणि मग रस्त्यातच खाली बसली. हसायला आलेली बाई ढसाढसा रडत होती.

नाव गोमलीबाई. पुरात तिच्या शेतातला गोठा वाहून गेला, त्यात हाही गेला असं समजून तिनं आशा सोडली होती. नवरा नाही, पोरगी सासरी. शेतात शेळ्यांजवळ एकटी झोपायची. "हा होता तवा डोया लागे माहा," ती म्हणाली. "आता रातभर बसून रायते मी."

उकंडरावजी हातात गडवा धरून उभेच होते. मला वाटलं, हा माणूस आता काही तरी निमित्त काढील. राहू द्या चार दिवस म्हणेल. त्यांनी काढलं नाही. तिला काही मागायची वेळच येऊ दिली नाही. "माय, वर ये, चहा घे," म्हणाले. "पाहुन्याच्या घरचं मानूस हायेस."

मग घरात जाऊन कुंकू आणलं, कुत्र्याच्या कपाळाला लावलं. नवा दुपट्टा त्याच्या गळ्यात घातला. भाकरी फडक्यात बांधून गोमलीबाईच्या हातात दिल्या. शिंप्याची मशीन थांबली होती.

आम्ही बेटावर गेलो. आज उकंडरावजींच्या तोंडून शब्द नाही. सिंदीबनाशी कुत्रा थांबला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. खडकापाशी पुन्हा थांबला. रोजचं बोलणं झाल्याशिवाय पुढे कसं जायचं, असं त्याला वाटत असावं. "चाला जी," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

टोकावर त्यांनी कुत्र्याला हात जोडले. "पाहुनचारात काही कमीजास्त झालं असन तं मनात ठेवू नका." गोमलीबाईनं पदर डोळ्याला लावला. उकंडरावजी वळले आणि चालायला लागले.

मी मागे पाहिलं. कुत्रा पाण्याच्या मधोमध उभा राहून आमच्याकडे बघत होता. गोमलीबाईनं त्याला हाक मारली नाही, ती नुसती थांबून राहिली. मग तो तिच्यामागे गेला. बरोबरच होतं ते. तरी मला त्या बाईचा क्षणभर राग आला.

उकंडरावजी पाऊल मोजत चालले होते. डांगरवाडी मागे पडली. खडक आला तेव्हा ते थांबले.

"गेले ना?"

"गेले, काकाजी."

कोमट खडकावर त्यांनी हात टेकला. मग म्हणाले, "पोरी, घरी वाट पाहनारं कोनी नाही, त्याची सवय होऊन जाते. झाली मले. पन आपन पाठ फिरवली का मांगून कोनी तरी यावं. दिवसातून एक डाव तरी यावं. तेवढ्यासाठी मी त्याले रोज निरोप देत होतो."

मी वाळूत उगाच थांबले, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि त्यांना पुढे जाऊ दिलं. ते बरेच पुढे गेल्यावर मी मागून चालायला लागले, मुद्दाम पाय आपटत, वाळू करकर वाजेल अशी.

त्यांनी मागे पाहिलं नाही. चाल मात्र हळू केली.

"उजवीकून ये, पोरी," म्हणाले. "डावीकडं चिखल हाये, पाय फसन तुहा."

मी उजवीकडून गेले.