पूर्वाभिमुख युद्धनौका

आमच्या सोसायटीतले बबनराव पुण्यात राहून युद्धनौका बाळगतात. पुण्यात समुद्र नाही, ही बारीकशी अडचण कुणी काढलीच तर ते त्याच्याकडे दयेने बघतात. नौका मुंबईला असते.

आमची इमारत उभी आहे ती जागा एके काळी बबनरावांचं शेत होती. गाव शहरात आलं आणि ज्वारीच्या जागी बिल्डिंगा उगवल्या. तेव्हापासून ते जगातल्या प्रत्येक वस्तूकडे प्लॉट म्हणून बघतात. नौदलाने निवृत्त केलेली ही लहानशी युद्धनौका लिलावात घेऊन आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "सर, कागद क्लिअर हाय." शेजारच्या बोटीने आपल्या हद्दीत नांगर टाकला तर मोजणी कुणाकडे मागायची, हेही त्यांनी मला विचारलं. मी कसबा पेठेत वाढलेला रिटायर्ड मास्तर. मला काय सांगता येणार?

बोटीची आलिशान यॉट करायची होती. तोफेच्या जागी तुळशीवृंदावन आलं. दारूगोळ्याच्या कोठारात बाथटब बसला. दिवाणखान्यात लाल मखमली सोफे आणि हलताना किणकिणणारं झुंबर. आणि देवघर. बोट कुठंही बघू दे, देव पूर्वेलाच बघणार, असा हुकूम होता. वास्तुशांतीच्या दिवशी भरती लागली, नांगरलेली बोट फिरली आणि गुरुजी नि यजमान पाट उचलून तिच्या उलट फिरत राहिले. शेवटी सुताराने देवघराला चाकं लावली. बोट वळली की खलाशाने येऊन देव सरळ करायचे. ती चाकं अशी करकरत की देवांनाही दिशा नकोशी झाली असेल.

इथवर मी मनसोक्त हसलो. मग खिडकीचा हट्ट सुरू झाला. अगदी तळाशी, खलाशांच्या झोपायच्या जागी, बबनरावांना खिडकी हवी होती. ती जागा पाण्याखाली असते, भोक पाडलं तर बोट बुडेल, असं ठेकेदाराने हात जोडून सांगितलं. बबनराव म्हणाले, काच जाड लावा. ठेकेदार काम सोडून निघाला.

मी म्हटलं, "तळमजला सी-फेसिंग म्हणून विकायचाय का?"

ते हसले नाहीत. "माजा दादा तितं झोपायचा," ते म्हणाले.

थोरले शंकरदादा. शेत एकाच संसाराला पुरेल एवढं होतं, म्हणून ते धाकट्या भावासाठी सोडून दादा नौदलात गेले आणि याच बोटीच्या इंजिनघरात राबले. सुट्टीवर आले की घरचे विचारत, समुद्र कसा असतो? ते म्हणत, दिसत न्हाई, ऐकू येतो. पुढे शेताचं सोनं झालं. बबनराव वाटा द्यायला गेले की दादा त्यांना चहा पाजून परत पाठवत. हे सांगताना बबनरावांचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं.

खिडकी झाली नाही. बबनरावांनी दादांचा साखळ्यांनी टांगलेला लोखंडी पलंग तळातून वर आणला, सोफे हटवले आणि दिवाणखान्यातल्या सगळ्यात मोठ्या काचेशी तो टांगला.

पहिल्या फेरीला दादा आले. पाठीत वाकलेले, अबोल. बोट खाडीच्या तोंडाशी नांगरली तेव्हा त्यांनी पलंगावरून एकदा हात फिरवला, आडवे झाले आणि सवयीने काचेकडे पाठ करून झोपी गेले. बाहेर अख्खा समुद्र होता. मी म्हटलं, उठवा त्यांना. बबनरावांनी मान हलवली आणि पलंगाशेजारी खालीच बसले.

ओहोटी लागली, बोट वळली. खलाशी लगबगीने देवघराकडे निघाला. बबनरावांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ते कुजबुजले. "चाकं वाजत्यात."