राजा शेट्टीच्या दुकानात

राजाराणी पायऱ्यांवर बसल्याशिवाय वसुमतीबाई तोंडात घास घालत नसत. घट बसायच्या दिवशी बसवनगुडीतल्या त्या आळीत हे सगळ्यांना माहीत असे, कारण वसुमतीबाई स्वतःच सगळ्यांना सांगत असत. राजाराणी म्हणजे माहेरहून लग्नात आलेली रक्तचंदनाची जोडी. दसऱ्याच्या बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या की सगळ्यांत वर कलशाशेजारी ही जोडी बसायची, मग नैवेद्य, मग बाईंचा फराळ. एकदा बसवली की दशमीपर्यंत जोडी हलवायची नाही. त्यात तडजोड नाही.

त्या वर्षी तडजोड सुनेनं आणली. सून म्हणजे क्षमा, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिच्या भावाकडे, अरविंदाकडे, सिनेमा काढायचा छोटा कॅमेरा होता. तो घेऊन ती दर शनिवारी पोरींना बाहुल्यांचा सिनेमा शिकवत होती. हेडमास्तर नरसिंहरावांना ते मुळीच पसंत नव्हतं.

"दिवाळीनंतर पालकसभा आहे," ते म्हणाले होते. "तिथं दाखवा काय ते. चांगलं असलं तर वर्ग ठेवू. नाहीतर त्या तासाला शिवण. शिवलेलं झबलं निदान पोराच्या अंगात तरी जातं."

पोरींनी मातीचा हत्ती केला होता. त्याची सोंड वाळता वाळता गळून पडली. बिनसोंडेच्या हत्तीवर वर्ग वाचायचा नाही, हे क्षमाला कळत होतं. ती घट बसायच्या आदल्या दिवशी सासूसमोर पाटावर येऊन बसली.

"आत्याबाई, राजा आपला आपण चालत पायऱ्या चढतो असं दाखवायचंय."

"माझा राजा?"

"हो. बसवल्यावर हलवायचा नाही ना, मग बसायच्या आधीच चालवू. पेटीतून निघून थेट सिंहासनावर."

वसुमतीबाईंनी समोरच्या घराकडे पाहिलं. तिथं गोजराबाई राहत. गोजराबाईंचा राजा नाक झिजलेला, तो पेटीतून काढायलाही दोन माणसं लागत. आपला मात्र स्वतः चालत येणार!

"सरी, चालेल," त्या म्हणाल्या. "पण राणी चालणार नाही. ती मी आधीच वर बसवते. चार लोकांत तुरुतुरु चालायला ती काय शाळामास्तरीण आहे? आणि बारा वाजता राहुकाळ लागतो. त्याच्या आत राजा वर."

सकाळी आठाला पोरी आल्या. कॅमेरा स्टुलावर बांधला. खिडकीचा उजेड पायऱ्यांवर पडेलसा पडदा ओढला. मग क्षमानं कृती सांगितली: राजाला कणभर सरकवायचं, हात काढून घ्यायचा, एकदा कळ दाबायची. पुन्हा कणभर, पुन्हा कळ. पायरी चढताना त्याच्या पायाखाली मेणाची गोळी.

वसुमतीबाई थोडा वेळ कौतुकानं बघत राहिल्या. मग नुसत्याच बघत राहिल्या.

"अगं, राजा आहे की गोगलगाय?"

"सिनेमात भरभर दिसेल, आत्याबाई."

"एवढ्या वेळात माझं लग्न ठरून वरात परत गेली होती."

पोटात कावळे कोकलायला लागले होते, पण ते त्या बोलल्या नाहीत. पावणेबारा झाले तेव्हा राजा कसाबसा शेट्टीच्या दुकानाच्या पायरीवर पोहोचला होता. शेट्टी-शेट्टीण म्हणजे ती ढेरपोटी वाण्याची जोडी, प्रत्येक घरच्या बाहुल्यांत असते. त्यांच्यापुढे वसुमतीबाईंनी खरं दुकान मांडलं होतं: तांदूळ, तूर, हुरगडले म्हणजे आपलं डाळं, गुळाचे खडे, वर टांगलेला पत्र्याचा ताजवा. राजा बरोबर त्या दुकानासमोर उभा राहिला, आणि घड्याळात बाराचे ठोके पडले.

"थांबा!" वसुमतीबाई कडाडल्या. "आता दीडपर्यंत कुणी हात लावायचा नाही. राहुकाळात सिंहासनाकडे जाणारा राजा मी बघितला नाही आणि बघणारही नाही."

"आणि आम्ही खाली काढून ठेवला तर?" एका पोरीनं विचारलं.

"चढता राजा खाली उतरवतात का गं? कुठं वाढलीस तू?"

क्षमानं कपाळाला हात लावला. मग पोरींना जेवायला आत पाठवलं. मागे फक्त नीरजा राहिली. नीरजा वर्गातली सगळ्यांत आज्ञाधारक पोर. सांगितलं तेवढं करायची आणि सांगितलेलं सगळं करायची.

"नीरजा, तू इथंच बस. डोळा कॅमेऱ्यावरून काढू नकोस. राजाला हात लावायचा नाही. पण वाऱ्यानं ताजवा हलेल, तेवढं तरी घेऊ. दुकानात काहीही स्वल्प हललं की कळ दाब. परत हललं की परत दाब."

"होय टीचर."

एवढ्यात गोजराबाई आल्याच. त्यांना उपाशी माणसाचा वास लांबून येत असावा.

"काय वसुमतीअक्का, राणी वर एकटी? आणि यजमान कुठं... अगं बाई, शेट्टीकडे! तूरडाळ घ्यायला पाठवलं वाटतं राणीनं?"

नीरजा खुदकन हसली. वसुमतीबाईंचा चेहरा हलला नाही.

"राज्य त्याचं आहे, गोजराबाई. शेट्टी माप बरोबर घालतो की नाही, हे राजानं नाही बघायचं तर कुणी बघायचं? तुमचा राजा उठतच नाही, म्हणून तुम्हाला नवल."

"असेल. फराळ झाला का?"

"जोडी बसल्याशिवाय? पाण्याचा थेंब नाही. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

गोजराबाई गेल्या. जाताना शेट्टीच्या ताजव्याला कौतुकानं बोट लावून गेल्या.

मग घर शांत झालं. आतून पोरींच्या ताटातल्या बिशीबेळे भाताचा वास येत होता. वसुमतीबाई पायऱ्यांसमोर बसल्या. समोर हुरगडल्याची रास होती, शेजारी गुळाचे खडे. त्यांनी नीरजाकडे बघितलं. पोरीचा डोळा नळीला चिकटलेला. तो कॅमेरा बाहुल्यांचा. नळीतून बघणाऱ्याला बाहुल्यांशिवाय काय दिसणार?

वसुमतीबाईंचा हात मांडीवरून निघाला. जरासा पुढे गेला, थांबला. दाराकडे एक नजर. पुन्हा जरासा पुढे, पुन्हा थांबला. दुसऱ्या कुणाला शिकवायला क्षमाला महिना लागला असता, ते बाईंना उपजत येत होतं. हात शेट्टीच्या राशीपर्यंत पोहोचला, चिमूट भरली, गुळाचा खडा उचलला आणि तसाच थांबत थांबत परत आला. कळ वाजत होती. बाईंना वाटलं, ताजवा हलतोय.

रास बरीच होती. राहुकाळही बराच होता.

दीड वाजला आणि क्षमा हात पुसत बाहेर येते तोच वसुमतीबाईंनी राजाला कमरेत धरून उचलला आणि थेट राणीशेजारी नेऊन बसवला.

"आत्याबाई! चार पायऱ्या राहिल्या होत्या!"

"राजाला राणीची आठवण झाली. एका उडीत गेला."

क्षमानं कॅमेऱ्याकडे बघितलं. नीरजानं सगळी उडी कॅमेऱ्यात घेतली होती, आणि रीळ संपलं होतं. दुसरं आणायला वेळही नव्हता आणि राजा आता दशमीपर्यंत हलणारही नव्हता. क्षमा आत जाऊन भांडी घासायला बसली, त्या घरात भांडीवाली असताना. वसुमतीबाईंना तो आवाज फराळ करताना ऐकू येत होता. फराळही आज त्यांना फारसा गेला नाही. त्याला कारणं दोन होती.

संध्याकाळी कुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं, "शेट्टीचं दुकान रिकामं कसं, अक्का?"

"दुपारी गोजराबाई येऊन गेल्या ना," वसुमतीबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. आळीला तेवढं पुरलं.

रीळ धुवायला मुंबईला गेलं, ते पालकसभेच्या दिवशी सकाळी परत आलं. आधी बघायला कुणाला सवड झाली नाही. अरविंदानं शाळेच्या हॉलमध्ये पडद्याच्या जागी पांढरं धोतर ताणून बांधलं. पुढे नरसिंहराव बसले, हातात शिवणाचं वेळापत्रक. वसुमतीबाई पहिल्या रांगेत, नव्या इरकलीत. त्यांच्या मागे गोजराबाई. त्या दोघी दसऱ्यापासून बोलत नव्हत्या.

दिवा मालवला. धोतरावर राजा आला. पेटीतून बाहेर निघाला आणि खरंच तुरुतुरु चालायला लागला! पोरांनी टाळ्या पिटल्या. राजा पायऱ्या चढला, दुकानापाशी थांबला. ताजवा आपोआप झुलायला लागला.

मग आभाळातून एक हात उतरला.

मोठा, थोरला हात. राजाच्या डोक्यावरून झपकन आला, मूठभर डाळं घेऊन गेला. परत आला, गूळ घेऊन गेला. राजा बिचारा समोर उभा राहून बघतोय, शेट्टीण बघतेय, आणि रास भराभर खाली चाललीय. हॉलमध्ये हसण्याचा डोंब उसळला. नरसिंहरावांच्या हातातलं वेळापत्रक कधीच खाली पडलं होतं. ते डोळे पुसत होते.

गोजराबाई मात्र हसत नव्हत्या. त्या वाकून धोतराकडे निरखून बघत होत्या.

"थांबा थांबा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ती पाटली बघा. एका बाजूला चेपलेली. उखळात सापडून चेपलेली पाटली अख्ख्या आळीत एकाच हातात आहे!"

हॉलभर माना वसुमतीबाईंकडे वळल्या. वसुमतीबाईंनी हात पदराखाली घेतला. पण पदराखाली घेतलेला हातसुद्धा सगळ्यांना दिसला. धोतरावर राजा एका उडीत राणीजवळ जाऊन बसला, तरी तिकडे कुणी बघितलं नाही.

"पाण्याचा थेंब नाही, होय अक्का?" गोजराबाई म्हणाल्या. "आणि खाल्लं मी?"

क्षमापुढे वर्ग राहतो की जातो यापेक्षा आता घरी कसं जायचं हा प्रश्न होता. तिनं घाईघाईनं भावाला खूण केली, "अरविंदा, पुरे! गुंडाळ!"

अरविंदानं घाबरून यंत्राची भलतीच कळ ओढली. रीळ उलटं फिरायला लागलं. राजा सिंहासनावरून मागच्या मागे उडून दुकानापाशी आला. आणि तोच हात पुन्हा आभाळातून उतरला. या वेळी मूठ भरलेली. त्यानं गूळ अलगद जागच्या जागी ठेवला. मग डाळं ठेवलं. परत परत येऊन ठेवत राहिला, रास वाढत वाढत भरली, शेट्टीचं दुकान काठोकाठ झालं.

वसुमतीबाई उठून उभ्या राहिल्या. पदराखालचा हात बाहेर आला, पाटलीसकट.

"बघितलं, गोजराबाई? सगळ्यांनी बघितलं? घेतलं ते परत ठेवलं की नाही? दाणान् दाणा ठेवला."

नरसिंहराव इतके हसत होते की त्यांना बोलता येईना. त्यांनी क्षमाला नुसत्या हातानं सांगितलं, की शिवणाचं राहू दे. मागून पोरं ओरडायला लागली, "अजून एकदा! हात अजून एकदा!" आणि त्यांत सगळ्यांत मोठा आवाज गोजराबाईंचा होता.

"अरविंदा," त्या म्हणत होत्या, "आता परत सरळ लाव रे!"

"अरविंदा," वसुमतीबाई मागे न बघता म्हणाल्या, "सरळ लावलंस तर आमच्याकडे जेवायला येऊ नकोस."

अरविंदानं उलटं लावलं.