पोच्यातला शेंदूर

विश्वजीतची पांढरी स्पोर्ट्स कार सर्व्हिसिंगला गेली ती धडधाकट, आणि परत मिळाली ती मागच्या उजव्या कोपऱ्यावर वाटीएवढा पोचा घेऊन. गाडी आणायला त्याचे वडील गेनबाही सोबत होते. त्या गाडीत बसणं म्हणजे गेनबांना पंगतीत पाटावर बसल्यासारखं वाटे, आणि उतरताना कुणीतरी हात द्यावा लागे. तरी शोरूमला जायची संधी ते सोडत नसत. कारण वाघोलीतलं ते शोरूम ज्या चार एकरांवर उभं होतं, ते आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचंच शेत होतं. शेत विकून गाडी आली होती आणि दुरुस्तीला ती पुन्हा शेतातच जात होती. यात काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटे, पण नेमकं काय ते सांगता येत नसे.

शोरूमचा मॅनेजर सलिल रोज सदाशिव पेठेतून वाघोलीला यायचा. एवढा रस्ता पार करून आलेला माणूस जितकं गोड बोलू शकतो, तितकंच तो बोलायचा.

"पोचा गाडी आली तेव्हाच होता," त्याने सांगितलं.

"सर, काल मी स्वतः ड्रॉप केलीये. गाडी परफेक्ट होती," विश्वजीत तडकला. "सीसीटीव्ही दाखवा ना."

"दाखवतो की. आठ कॅमेरे आहेत. शोरूमच्या मागच्या कोपऱ्याकडे मात्र त्यांपैकी एकही बघत नाही."

मग विश्वजीतने ग्राहक मंच काढला, सलिलने काल गाडी सोडताना विश्वजीतनेच न वाचता सही केलेला कागद काढला, आणि दोघांचे आवाज चढू लागले. गेनबा तेवढ्या वेळात पोच्यापाशी वाकले. पोच्याच्या घडीत काहीतरी केशरी चिकटलं होतं. त्यांनी ते नखाने खरवडलं आणि हुंगलं.

"तिळाच्या तेलातला शेंदूर हाय ह्यो," ते म्हणाले. "परवा अवसेला मीच लावलाय. तुमच्या मान्सानं गाडी मागं घेताना म्हसोबावर घातली."

शोरूमच्या मागच्या कोपऱ्यात, गाड्या धुतात तिथे, गुडघाभर उंचीचा म्हसोबाचा दगड होता. जमीन विकताना गेनबांनी एकच अट घातली होती, की देव जागचा हलवायचा नाही आणि दर अमावस्येला मला आत येऊ द्यायचं. घेणाऱ्याच्या वकिलाने त्यापुढे आणखी एक ओळ वाढवली होती. गेनबांनी ती ऐकली होती आणि मान डोलावली होती, पण त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष खिडकीबाहेर होतं.

वडिलांनी एवढी मोठी चोरी पकडली म्हणून विश्वजीतने त्यांच्या पाठीवर थाप मारली. गेनबांनाही अभिमान वाटला. सलिलने पोचा पाहिला, मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा अचानक प्रसन्न झाला.

"चूक आमची. लेखी देतो. नवा भाग बसवून, रंगवून गाडी घरपोच," तो म्हणाला. "म्हणजे दगडामुळे नुकसान झालं, हेही लेखी झालं. आणि तसं झालं तर तो हलवायची आम्हाला करारात मुभा आहे. आळंदीच्या वाटेवर एक छान देऊळ आहे, तिथे व्यवस्थित बसवू. इथे वॉशिंगला अजून एक गाडी उभी राहील."

वकिलाची ती ओळ गेनबांना आता लख्ख आठवली. देव कुणाचं काय नुकसान करणार, म्हणून तेव्हा ते हसलेही होते. दगड गेला की अमावस्या गेली, आणि अमावस्या गेली की या चार एकरांत पाऊल टाकायला निमित्तच उरणार नव्हतं.

आणि त्यांना स्वतःचा अठराव्या वर्षीचा प्रताप आठवला. कोसा आणि मोऱ्या ही बैलजोडी नवी होती, शेजारच्या गाडीशी शर्यत लागली होती, आणि याच दगडावर आदळून चाकाचा आरा मोडला होता. चाक आधीपासूनच चिरलेलं होतं, असं त्यांनी वडिलांना छातीठोकपणे सांगितलं. वडिलांनी चाकाला लागलेला शेंदूर पाहिला, मग पोराकडे पाहिलं. अंगठ्याने तो पुसला आणि एक शब्दही न बोलता चाक सुताराकडे नेलं. त्या न बोलण्याची आठवण झाली की गेनबांना अजून भरून येई.

"साहेब," गेनबा खाकरले, "चूक झाली. पोचा आमच्या घरचाच हाय."

"आबा!" विश्वजीत म्हणाला.

"परवा मीच गाडी वट्ट्यावर आदळवली. ह्यो झोपला हुता."

"आपण ही गाडी चालवलीत?" सलिलने विचारलं.

"ढकलली."

"एकट्याने?"

"बैलं धरल्यालं मानूस हाय मी. आन् हाताचा शेंदूर तिथंच पुसला."

सलिलने मोबाइल काढला. दगडावर पांढरा रंग लागला असेल तर फोटो काढून ठेवू, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला आणि मागच्या कोपऱ्याकडे निघाला. वाटेत एका गिऱ्हाइकाने त्याला गाठलं. गेनबांनी घाईने तिकडे जायचा प्रयत्न केला, पण मघाशी वाकून त्यांची कंबर धरली होती.

तोवर विश्वजीत पुढे गेला होता. दगडावर पांढरा ओरखडा स्पष्ट दिसत होता. त्याने तो पाहिला, मग वळून वडिलांकडे पाहिलं. गेनबांनी मान खाली घातली.

सलिल पोचला तेव्हा दगड नखशिखांत केशरी होता आणि विश्वजीत खिशात हात घालून उभा होता. सलिलने चारी बाजूंनी फोटो काढले, ते निरखले, आणि पोचा आधीचाच असल्याच्या कागदावर विश्वजीतची सही घेतली.

विश्वजीतने वडिलांना हात देऊन गाडीत बसवलं. घरच्या खर्चाने करायच्या दुरुस्तीबद्दल तो आता काय बोलेल, या धास्तीने गेनबा समोरच्या काचेतून बघत राहिले. विश्वजीतने स्टिअरिंगवर हात ठेवला. त्याचा अंगठा केशरी झाला होता.

"आबा, पट्टा लावा," तो म्हणाला.