रंगरावांचे सोमवार

सोमवारी अकराच्या ठोक्याला रंगराव चपला काढून कॉम्प्युटरसमोर बसतात. आमच्या बुलढाण्याच्या पाणीपुरवठा ऑफिसात इतर दिवशी ते चपलेसकट बसतात. सोमवार तेवढा अनवाणी.

काम काय, तर कर्मचाऱ्यांचं टेबल जपून ठेवणे. नाव, गाव, मोबाइल, अडचणीत कळवायचा माणूस. टेबलाला फक्त आजचं ठाऊक. नवं लिहिलं की जुनं पुसलं. म्हणून रंगराव दर सोमवारी अख्खं टेबल तारखेसकट नोंदींच्या साठ्यात ओततात. मग नाव टाकून शोधलं की त्या माणसाचे सगळे सोमवार रांगेत हजर. "टेबल मुकरते भाऊ," ते म्हणतात, "नोंद नाई मुकरत."

साहेब या वाक्यावर खूश. ते माझ्या घरीही पोचलं. रंगरावभाऊजींसारखं आठवड्यातून एक तरी काम नेमानं करा, असं बायको मेथी निवडताना मला ऐकवते. मी नऊ वर्षं नेमानं जळतोय, ते तिच्या हिशेबी काम नाही.

शेवटी एका गुरुवारी मीही टेबल सुधारायला घेतलं. नावं अकारविल्हे लावली. फक्त नावंच. बाकीचे रकाने जागेवरून हलले नाहीत. शुक्रवारी सोनाळ्याचा पंपवाला उन्हानं चक्कर येऊन पडला (सावरला तो), तेव्हा त्याच्या घरी म्हणून लावलेला फोन साहेबांच्या सासूबाईंनी उचलला.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. ज्यानं केलं त्याला मेमो. रंगरावांनी चपला काढल्या, शुक्रवार असून. मागचा सोमवार शोधला आणि टेबल होतं तसं बसवलं.

"कोनं केलं ते जाऊ द्या साहेब. आता ठीक हाये."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. हे तर जास्तच झोंबलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचंच नाव टाकलं. एखादी तरी चूक सापडेल म्हणून. कळवायचा माणूस: सोनाळ्याची बहीण. बहीण. बहीण. मग एक सोमवार रिकामा. तिच्या तेरवीला आम्ही गेलो होतो, त्या आठवड्यातला. त्यापुढच्या प्रत्येक सोमवारी माझं नाव.

रंगराव डबा धुऊन आले, तेव्हा मी विचारलं, "माझं काऊन लिहिलं?"

चपलेत पाय घालत ते म्हणाले, "अजून कोनाचं लिहू? साऱ्या ऑफिसात तुमचीच नजर मायावर असते. मले काही झालं, तं पयले तुमालेच कळन."