चांगुणामावशीचा भाव

चांगुणामावशी व्यायाम विकायची.

माजिवड्याच्या नाक्याजवळ एका डॉक्टरीणबाईंचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. शहाऐंशी साल असेल. बाई तपासून चिठ्ठीवर 'पंधरा वेळा' लिहायच्या आणि पेशंट पडद्यापलीकडे मदतनीस मावशीच्या ताब्यात जायचा. मावशी बाळकुमची कोळीण. आधी डोक्यावर मासळीची टोपली असायची. ती सोडून इथे कशी आलीस, असं विचारलं की म्हणायची, "पाय दुकलं." टोपली सुटली, भाव करायची खोड सुटली नाही.

चिठ्ठीवर पंधरा असले की मावशी चाळीस सांगायची.

"चाळीस? जीव घेतेस काय? दहा करतो."

"धाला कोंबडीचा गुडगा पन वलत नाय. तीस दे."

अठरावर सौदा पटायचा. बावीस वाचवल्याच्या आनंदात पेशंट तीन जास्तच करायचा. तो उठायला लागला की मावशी पदर खोचून म्हणायची, "आता वर दोन टाक." जन्मभर गिऱ्हाइकांनी वर दोन कोळंब्या मागून तिला छळलं होतं, त्याचं ती उट्टं काढत होती.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एक बँकवाले साहेब काठी सोडायला तयार नव्हते. एकदा भाव पटेना, तेव्हा "नको तुझा व्यायाम!" म्हणून ते बाजारात निघतात तसे तरातरा निघाले. मावशी परत बोलावेल म्हणून दारापाशी थांबले. ती बोलावेना. शेवटी आपणच परत आले आणि म्हणाले, "बरं, पंचवीस."

"कशाला? चाललास की! काठी इतंच हाय तुजी."

साहेबांनी घाबरून भिंत धरली.

पेशंटशी गोड बोलत जा, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला 'कृपया' आणि 'शाब्बास' शिकवलं होतं. एक सकाळभर ती तसं बोलली. आपला रिपोर्ट वाईट आला अशीच सगळ्यांची समजूत झाली. एक आजी तर रडायलाच लागल्या.

अशा बाईपुढे मी माझ्या वडिलांना नेऊन बसवलं. नाना निवृत्त मुख्याध्यापक. अर्धांगवायूनं उजवा हात गेलेला, जीभ जड झालेली. 'एकच भाव' अशी पाटी नसलेल्या दुकानाची पायरी ते जन्मात चढले नव्हते. या महिन्यात हात हलला नाही तर पुढे अवघड आहे, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"बाबा, चालीस," मावशी म्हणाली.

"बरं," नाना म्हणाले. हात मांडीवर तसाच.

दुसऱ्या दिवशी चाळीस. बरं. तिसऱ्या दिवशी तीस. बरं. पंधरा दिवस हेच. माझं डोकं फिरलं.

"मावशी, ते हेडमास्तर होते. अरे-तुरे काय करतेस? नीट 'अहो' म्हणून सांगून बघ."

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती नानांसमोर फरशीवर बसली, बाजारात बसते तशीच.

"ईस? धा? पाच? बरं, एक. एक तरी दे रं बाबा."

"बरं."

मावशीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"माजा नवरा याच खुर्चीत बसायचा. अंग असंच गेल्यालं. मी चालीस म्हनायची, तो बरं म्हनायचा. मना वाटायचं, गुनाचा हाय, ऐकतोय. मासली इकनाऱ्या बाईला कलायला नको? भाव करतो त्यो घेतो. जो नुसता बरं म्हनतो, त्यो टोपलीकडं बगत पन नाय. निंगून जातो." तिनं नानांचा हात धरला. "गेला. तू कायतरी कमी कर ना रं, बाबा."

नानांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग त्यांचे ओठ हलले.

"अर्धा."

"अर्धा?" मावशी किंचाळली. "एकातला अर्धा? मास्तर होतास का दरोडेखोर? बाजार उठवतोस काय माजा?" ती भांडत होती, आणि पदरानं डोळे पुसत होती.

नानांचा उजवा हात मांडीवरून चार बोटं वर उचलला गेला आणि खाली पडला.

मावशीनं नाक पुसलं, पदर खोचला.

"झाला अर्धा. आता वर अर्धा टाक."